ओवाळणीतले तीन टीव्ही

आप्पांना वाकडं लागलेलं काही खपत नसे. दारातल्या चपला, मोरीतल्या बादल्या, भिंतीवरची कॅलेंडरं, सगळं एका ओळीत. ते फौजेत ड्रायव्हर होते. अंगात जोर होता ती सगळी वर्षं त्यांनी डोंगरातल्या रस्त्यांवर तोफा ओढणारे ट्रक चालवण्यात घालवली, आणि निवृत्त होऊन साताऱ्याला आल्यावर एमआयडीसीतल्या एका कारखान्याची बस चालवू लागले. आमच्या गल्लीत एका घराआड एक निवृत्त फौजी. सकाळी बाहेर यावं तर कुणी गाडी धुतोय, कुणी मिशीला तेल लावतोय, कुणी नातवाला उगाचच सावधान करून उभं करतोय. अशा गल्लीत मी, पुनी, आप्पांची एकुलती एक मुलगी, डिप्लोमाला जाणारी, आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यती खेळणारी. गल्लीला त्याचं काही वाटत असेल, तरी आप्पांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती.

कॉम्प्युटर पुढच्या खोलीत, आईच्या शिवणयंत्राशेजारी. यंत्राच्या टेबलावर एक फळी टाकून त्यावर सगळा संसार मांडला होता, आणि फळीच्या कडेला स्टीअरिंग आवळून बसवलं होतं. मी शर्यतीत असले की घरभर इंजिनाचा आवाज घुमायचा आणि आतून तव्यावरच्या धपाट्यांचा वास, खर्ड्याचा ठसका यायचा. नेमक्या वळणावर खोकला येऊन मी कितीदा गाडी खड्ड्यात घातली त्याला गणती नाही. आई उंबऱ्यात येऊन म्हणायची, "गाडी कडंला उभी कर आन् जेवून घे. आमटी निवतीया." तिला पक्कं ठाऊक होतं की ही शर्यत थांबवता येत नाही, पलीकडे खरी माणसं आपापल्या गावात बसून खेळत असतात. तरी ती रोज म्हणायची.

आप्पा पहिल्यांदा माझ्या मागे येऊन उभे राहिले तेव्हा मला वाटलं, आता बंद कर म्हणणार. बराच वेळ त्यांनी नुसतं बघितलं. मग म्हणाले, "एका खिडकीतनं गाडी चालवतीस व्हय गं? समूरचं दिसतंय. शेजारनं कोण आलं तर कळणार कसं? मान वळवून बघायला जागा कुटं हाय?" मी म्हटलं, "त्याला तीन मॉनिटर लागत्यात आप्पा. एक मधी, दोन कडंला." ते म्हणाले, "मग तीन लावू." जणू दारात दोन कुंड्या जास्त ठेवायच्या होत्या. माझ्या बाजूनं एवढ्या सहज बोललेलं वाक्य त्याआधी मी घरात ऐकलं नव्हतं. पुढं जे झालं ते झालं, पण त्या वाक्याचा आनंद मी अजून टाकून दिलेला नाही.

पहिल्यांदा घरातल्या मॉनिटरशेजारी आम्ही कुणाकडून तरी मागून आणलेला एक जुना लावला. त्याची उंची कमी, रंग फिका. मधल्या पडद्यावरचा रस्ता त्याच्यावर जाताना पायरी उतरल्यासारखा खाली पडायचा. आप्पा म्हणाले, "ह्यो रस्ता ठेकेदारानं केलाय." मग कळलं, तिन्ही एकाच मापाचे, एकाच जातीचे हवेत. आप्पांनी फौजेच्या कॅन्टीनमधून तसलेच दोन मिळवले. तिसऱ्याची वायर कॉम्प्युटरच्या मागच्या भोकात बसेना, ती वेगळ्या तोंडाची लागते हे कळायला आणि मिळवायला आठवडा गेला. सगळं जोडल्यावर आप्पांनी तिन्ही मॉनिटर सरळ ओळीत उभे केले, दोरी लावून, परेडला केल्यासारखे. मी म्हणत होते की कडेचे दोन आत वळवायला हवेत, नाहीतर टोकाचं काही दिसत नाही. ऐकेनात. शेवटी त्यांनाच खुर्चीत बसवलं आणि मी कडेचा पडदा हळूहळू आत ओढत गेले. एका जागी ते ओरडले, "थांब! आता आरसा दिसला." तिथं मी फळीवर खडूनं रेघ मारली. उंचीसाठी खाली जुनी कॅलेंडरं घातली.

तरी पहिल्या दिवशी सगळा गोंधळच. माऊस डावीकडं न्यावा तर उजव्या टोकातून बाहेर यायचा. कॉम्प्युटरला कुठला पडदा कुठं आहे ते सांगावं लागतं. विचारलं की तो प्रत्येक पडद्यावर आपापला आकडा दाखवतो. आमच्याकडे आकडे आले तीन, एक, दोन. आप्पा हसून हसून खाली बसले. "रंगरूट हायती तिघं बी. गिनती चुकली!" फौजेत नवी पोरं ओळीत उभी करून एक, दोन, तीन म्हणायला लावतात, त्यातली ही गिनती. मग मी सेटिंगमध्ये ते पडदे बोटानं उचलल्यासारखे इकडचे तिकडे केले, दोन पडद्यांच्या मधल्या चौकटीची जाडी खेळाला सांगितली, आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड झाला. त्यानंतर रोज कॉम्प्युटर चालू करताना आप्पा मागून म्हणायचे, "गिनती कर." मी म्हणायचे, "एक, दोन, तीन." आई म्हणायची, "बापलेकीला खूळ लागलंय." ते खूळ आमचं दोघांचं होतं. त्यात तिसरं कुणी नव्हतं, असं मी धरून चालले होते.

आणि मी खरंच सुधारले. आप्पा शेजारी स्टुलावर बसून सांगायचे, कोपरा यायच्या आधी आरशात बघ, शेजारच्याला जागा दे, मग त्याला टाक मागं. चौघांच्या एका संघात मला घेतलं. कप्तान पुण्याचा होता, त्याला मी कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही. लांब पल्ल्याच्या शर्यती असत, आळीपाळीनं चालवायच्या. आम्ही जिंकत जिंकत शेवटच्या शर्यतीपर्यंत पोचलो. ती दिवाळीनंतरच्या रविवारी होती, आणि तिचा अखेरचा टप्पा कप्तानानं मला दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं की शेवट पुनी सांभाळेल. मी ते वाक्य आईला ऐकवलं, शेजारच्या काकूंना ऐकवलं, ज्यांना काही कळत नव्हतं त्यांनाही ऐकवलं.

संघात एक राखीव गडी लागतो. तो मीच आणला होता. सौरभ, माझ्या आत्तीचा मुलगा, सांगलीचा, माझ्याहून वर्षानं मोठा. आम्ही त्याला सौऱ्या म्हणायचो. तो एकाच पडद्यावर खेळायचा आणि रोज फोन करून विचारायचा, कडेचे किती वळवलेस, चौकटीचं काय केलंस, वायर कुठली. मी हौसेनं सांगायचे. शिकवायची खोड मला तेव्हापासूनच आहे.

दिवाळीच्या थोडं आधी आप्पा हातात मोजायची टेप घेऊन पुढच्या खोलीत आले. "पुने, धर ते टोक." मी धरलं. त्यांनी या मॉनिटरच्या कडेपासून त्या मॉनिटरच्या कडेपर्यंत लांबी घेतली, फळीची रुंदी घेतली, मला खुर्चीत बसवून गुडघ्यापासूनची उंची घेतली. मग विचारलं, "कडंचं किती वाकल्यात ते कसं सांगायचं सुताराला?" मी जमिनीवर खडूनं अख्खी आकृती काढून दिली, वायरींना मागे भोकं कुठं पाडायची तेही दाखवलं. आप्पा म्हणाले, "टेबल करायचं हाय." एवढंच. कुणासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शिवणयंत्रावरची फळी डुगडुगते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे ते खोटं बोलले नाहीत. आज इतक्या वर्षांनी मला तेच जास्त लागतं. खोटं बोलले असते तर निदान त्यांना लाज वाटली असं म्हणता आलं असतं.

भाऊबीजेला आप्पा दर वर्षी सांगलीला बहिणीकडं जायचे, आम्हीही जायचो. त्या वर्षी म्हणाले, "कॉम्प्युटर बी घिऊ संगं. पोरं जमत्यात दिवाळीत, खेळू द्यात की." मला भरतं आलं. सगळ्या नातेवाइकांपुढं चालवून दाखवता येणार. माळ्यावरून मॉनिटरची मूळ खोकी मीच काढली, थर्माकोल मीच बसवला. आईनं मधे मधे गोधड्या कोंबल्या. ती त्या दिवशी फारशी बोलत नव्हती, पण चिवडा, शंकरपाळ्या आणि प्रवास एकत्र आले की ती तशीही बोलत नसे. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर मी तिन्ही खोक्यांना कवेत धरून बसले. कराडला चहाला थांबलो तेव्हा मी उतरलेसुद्धा नाही.

आत्तीच्या घरी सौऱ्याच्या खोलीत टेबल तयार होतं. नवं, पॉलिशचा वास येत असलेलं, मधे सरळ आणि दोन्ही कडांना आत वळलेलं. मागे भोकं, मी खडूनं काढली होती तिथंच. आत्तीच्या दिराचा सुतारकामाचा कारखाना होता. त्यामुळे मला वाटलं, आप्पांनी टेबल इथं करून घेतलंय, जाताना नेऊ. मी सौऱ्याला म्हटलंसुद्धा, "व्हॅनमधी बसंल का रं हे?" तो म्हणाला, "बघू की," आणि पाणी आणायला गेला. मी मॉनिटर बाहेर काढले, लावले, जोडले, गिनती केली. एक, दोन, तीन. कॅलेंडरं लागली नाहीत, टेबलच इतकं नेमकं होतं. सगळे बघायला जमले. आत्तीनं माझी दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. "लय गुणाची गं माजी भाची," ती म्हणाली. केसानं गळा कापणं म्हणतात ते बहुधा असंच, इतक्या मायेनं होत असावं.

आमच्याकडं मामाच्या मुलीनं आत्तेभावाला ओवाळायचं नसतं. त्यांचं लग्न होऊ शकतं ना, म्हणून. सख्खा भाऊ मला नाही. त्यामुळे भाऊबीजेला माझ्या हातात कधी तबक आलं नाही, आणि ओवाळणीत काही मागावं असं माझ्यापुढं पाटावर कुणी बसलं नाही. मी नेहमीसारखी भिंतीला टेकून बघत होते. आप्पा टोपी घालून पाटावर बसले, भोवती रांगोळी. आत्तीनं टिळा लावला, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळून झाली, निरांजन फिरलं. आप्पांनी तबकात नोट ठेवली आणि तिच्यासाठी आणलेल्या साडीवर हात ठेवला. आत्ती तबक खाली ठेवेना.

"दादा, औंदा मी मागणार हाय," ती म्हणाली.

"माग की."

"औंदा पोरगी मागत न्हाई, ती पुढच्या साली बघू." सगळे हसले. सौऱ्या खाली बघायला लागला. "औंदा तेवढं ते तीन टीव्ही दे माझ्या लेकाला."

निरांजन जळत असताना बहिणीनं मागितलेलं नाकारायचं नसतं. हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. पण आप्पांना नाकारायचंच नव्हतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. तिथं थोडंसुद्धा नवल नव्हतं. "घे. तुझंच हायती," ते म्हणाले, पाठ केलेलं म्हणावं तसं, आणि माझ्याकडं न बघता बासुंदीची वाटी उचलली. तेव्हा मला ते टेबल कळलं. सुतारानं ते चार दिवसांत केलेलं नव्हतं. मोजमाप गेलं त्या दिवशीच सगळं ठरलं होतं, आणि टेपचं एक टोक मी धरलं होतं. माझ्याच हातानं मी खोकी भरली, माझ्याच हातानं ती इथं मांडली, गिनतीसुद्धा करून दिली. बाकी होतं ते फक्त कुंकू लावणं.

मी स्वयंपाकघरात गेले. आई पुऱ्या तळत होती.

"तुला ठावं हुतं?"

"नवरात्रात फोन आलता आत्तींचा."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर दिलं असतंस?"

"न्हाई."

"म्हणून," आई म्हणाली आणि पुरी उलटली.

परतताना व्हॅनमध्ये मागे कॉम्प्युटरचा नुसता डबा होता. त्याला बघायला काही उरलं नव्हतं. कृष्णेचा पूल गेल्यावर आप्पा बोलले, "तिनं बापाच्या रानातला वाटा सोडला, पुने. बोटानं सई केली, एक शबूद काढला न्हाई. काय मागितलं न्हाई आजवर. तिला कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

"मग तुमचं काय तरी द्यायचं हुतं, आप्पा."

"घरात माझंतुझं अस्तंय व्हय?"

"मग मला इचारायचं तरी हुतं."

त्यांनी गिअर बदलला. रस्ता सरळ होता, गिअर बदलायची गरज नव्हती. मी मनात म्हटलं, हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. आत्तीचा वाटा आप्पांनी खाल्ला, आणि त्याची भरपाई माझ्या ताटातून केली. आत्तीवर अन्याय झाला होता हे आज मलाही कळतं, तिनं मागितलं ते तिच्या हक्काच्या मानानं काहीच नव्हतं. पण एका घरातल्या एका बाईचं देणं दुसऱ्या पोरीकडून वसूल करायचं आणि पुरुषानं मधे बसून बासुंदी खायची, हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

घरी आल्यावर मी डबा मधल्या खोलीतल्या टीव्हीला जोडला. स्टीअरिंग फिरवलं की गाडी जरा थांबून वळायची. सरावात डाव्या बाजूनं कोण आलं ते दिसलं नाही आणि मी त्याला ठोकलं. तो आमच्याच संघाचा होता. संध्याकाळी कप्तानाचा निरोप आला, अगदी सभ्य शब्दांत. तुझ्याकडं आता तीन स्क्रीन नाहीत असं सौरभनं सांगितलं, त्याच्याकडं आहेत, तेव्हा शेवटचा टप्पा तो चालवेल, तू राखीव रहा. मी निरोप वाचून दाखवला तेव्हा आप्पा दाढी करत होते. ते म्हणाले, "घरातच ऱ्हायलं की. सौऱ्या काय परका हाय?" मला त्या क्षणी ते माझे वडील वाटले नाहीत. आत्तीचे भाऊ वाटले, सौऱ्याचे मामा वाटले, माझे कुणी नाही.

रविवारी दुपारी, शर्यतीच्या थोडं आधी, आप्पांचा फोन वाजला. सौऱ्याचा होता. माझ्या फोनवर तो चार दिवस लावत होता आणि मी उचलत नव्हते. सांगलीत लाईट जाऊन आली होती, कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर पडदे उलटसुलट झाले होते. आप्पा फोन हातात घेऊन पुढच्या खोलीत आले, आवाज मोठा केलेला. मी फळीसमोर उगाच बसले होते. फळीवर खडूच्या रेघा होत्या.

"पुने, गिनती चुकलीया म्हणतोय त्यो. तीन, एक, दोन आलंय. सांग की त्येला कसं करायचं ते."

म्हणजे गिनतीसुद्धा तिकडं पोचली होती. मॉनिटर गेले, टेबल गेलं, शर्यत गेली, तोवर मी रडले नव्हते. या शब्दाला मात्र डोळ्यांत पाणी आलं. फोनमधून सौऱ्या म्हणत होता, "पुने, लय येळ न्हाई गं. एकदा सांग, फकस्त एकदा." मागून आत्तीचा आवाज आला, "सांग की गं बाय माजी."

मी आप्पांकडं बघून बोलले, पण तिकडं ऐकू जाईल असं. "आत्तीनं टीव्ही मागितलं हुतं, आप्पा. मला न्हाई."

आप्पांनी फोन बंद केला आणि तो हातात धरून तसेच उभे राहिले. त्या शर्यतीत पुढं काय झालं ते मी विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

आठवड्याभरानं संध्याकाळी आप्पा पुन्हा पुढच्या खोलीत आले, हातात तीच टेप. माझ्यासाठी टेबल करायचं म्हणाले, चांगलं सागवानी, मॉनिटर पण आणू हळूहळू, एकएक करून. आवाज नेहमीचा नव्हता. माझ्यापुढं त्यांनी असं अजिजीनं बोलावं हे मला बघवत नव्हतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही. त्यांनी टेप ओढली आणि टोक माझ्याकडं केलं.

"धर, पुने."

मी हात पुढं केला नाही. शिवणयंत्राकडं बघत राहिले. आत आईनं भाकरी थापायची थांबवली होती. आप्पा थोडा वेळ तसेच टोक पुढं करून उभे होते. मग वाकले. टेपच्या टोकाला पत्र्याचा छोटा आकडा असतो, तो त्यांनी फळीच्या कडेला अडकवला, टेप दुसऱ्या कडेपर्यंत सरळ ओढत नेली, आणि एकट्यानंच माप घेतलं. त्यांना ते सहज जमलं. पहिल्या वेळीही जमलं असतं.